साठ लारी

तिबिलिसीहून दर डिसेंबरात पत्र येतं:
'कर्मचारी-प्रोत्साहन, साठ लारी फक्त.'
'फक्त' हा शब्द हिशेबनीस सवयीनं लिहितो,
मी तो दरवेळी मोठ्यानं वाचते.

कुताइसीच्या इस्पितळाचं धुलाईघर.
तळघरात, बॉयलरच्या शेजारी आम्ही आठ जण.
साठ भागिले आठ, माणशी साडेसात.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
पण मुख्य कचेरीनं कोरणी पाठवली आहे
आणि पोचपावती मागितली आहे.

गेल्या वर्षी प्रशस्तिपत्रं छापली होती.
सोनेरी कडा, गोल शिक्का.
झुझुनाचं आता इस्त्रीच्या टेबलाच्या
आखूड पायाखाली आहे, चार घड्या घालून.
टेबल डुलायचं थांबलं,
म्हणजे अगदीच वाया गेलं असं नाही.
ओतिआनं आपलं वाचलं, पुन्हा वाचलं,
म्हणाला, "देतो, ओतारला पोचवतो."
सगळे हसले. मीही हसले.

यंदा केक नको म्हटलं.
त्या केकवरच्या क्रीमला आमच्या साबणाचाच वास येतो.
आठवडाभर नुसती बघत राहिले
नव्यानंच कामावर लागल्यासारखी.

त्सियाला प्रत्येक खिसा उलटा करते,
एकोणीस वर्षं, उभ्यानं.
तिच्या खिडकीत लोणच्याच्या तीन बरण्या.
एकीत बटणं. एकीत नाणी.
तिसरीत वॉर्डातून घरी न गेलेल्यांच्या अंगठ्या,
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेला पत्ता,
रविवारी नेऊन द्यायला.
"हे तुला कुणी सांगितलं?"
"सांगावं लागतं?" ती म्हणाली,
आणि मला बाजूला सरकायला लावलं.

गुलिको आणि रात्रपाळीच्या तिघी
पहाटे पाचला सुटतात.
मार्श्रुत्का निघते पाच वाजून दोन मिनिटांनी.
कपडे बदलायला तीन मिनिटं लागतात.
हे गणित सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं,
आणि मी त्यांना धावताना पाहून
'काय चपळ बायका' म्हणत होते.

ड्रायव्हर मालखाझच्या हातात साठ लारी ठेवले.
हिवाळाभर थांब, म्हटलं. रोज दहा मिनिटं.
त्यानं मोजले, वीस परत दिले:
"दहा नाही जमणार. आठ थांबतो."
त्या विसात जुन्या बाजारातून एक स्टूल आणलं,
उंच, एका बाजूला जरासं जळलेलं.
त्सियाला दोन दिवस त्यावर टोपली ठेवायची.
तिसऱ्या दिवशी बसली.

राहिला ओतिआ.
घर इस्पितळाच्या भिंतीला लागून,
त्याला बस नको, स्टूल नको.
काय हवं विचारलं, तर बराच वेळ
बॉयलरचा काटा बघत उभा राहिला.
"पगारपत्रकात माझं नाव.
अकरा वर्षं तिथं ओतार लिहितात.
महिन्याच्या महिन्याला वाटतं,
दुसऱ्या कुणाचा तरी पगार उचलतोय."

पहिल्या पत्राला उत्तर आलं: प्रणालीत बदल होत नाही.
दुसऱ्याला आलं नाही.
तिसरं घेऊन मीच गेले, माझ्या सुट्टीत,
व्हरांड्यातल्या बाकावर चारपर्यंत बसून राहिले,
शिपाई दिवे मालवायला लागला तेव्हा
एका मुलीनं वैतागून तीन अक्षरं दुरुस्त केली.
चाळीस सेकंद लागले. मी घड्याळ लावलं होतं.
तिकिटाचा खर्च हिशेबात धरलेला नाही.

फेब्रुवारीचं पत्रक: ओतिआ जिकिआ.
तो काही बोलला नाही.
आठ घड्या घालून खिशात टाकलं
आणि गाडा ढकलत वर गेला,
तिसऱ्या मजल्यापर्यंत चाकं वाजत राहिली.

शुक्रवारी त्याचा डगला धुवायला आला.
स्टुलावरून त्सियालानं खिसा उलटा केला,
पण त्याआधी कुणीतरी डगला भिजत घातला होता.

आता तो कागद दोरीवर आहे,
शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरींच्या मधोमध.
एक चिमटा पुरला असता, तिनं दोन लावलेत.
शाई जराशी पसरली आहे.
नाव वाचता येतं.