शंभरच्या अलीकडे

ओनेर्वा, हेडफोन डोक्यावर चढवायच्या आधी
आवाज शून्यावर आण.
आधी. नंतर नाही.
काल संध्याकाळी या खुर्चीत कोण बसलं होतं,
किती मोठ्यानं ऐकून उठलं,
ते संगणकाच्या लक्षात असतं, आपल्या नाही.

मग साक्ष सुरू कर आणि एकेक आकडा वर चढ,
नोव्हेंबरात गोठलेल्या ओऊलू नदीवर पाय टाकावा तशी,
अर्धं वजन मागच्या पायावर ठेवून.
शब्द कळला की थांब.
बरं वाटतं तिथे नव्हे, कळतं तिथे.
दोन्हींत पंधरा-वीस आकड्यांचं अंतर असतं
आणि त्या पंधरा-वीस आकड्यांत
माझी नोकरी गेली, सव्वीस वर्षांची.

मी तुझ्या मागे हातभर अंतरावर उभी राहीन
आणि घरी बोलते तशा आवाजात विचारीन,
कॉफी घेणार?
मान हलली नाही तर फार झालं समज.
या कचेरीत कॉफीला नाही म्हणणारं कुणी अजून जन्मलेलं नाही,
त्यामुळे ही परीक्षा चुकत नाही.

हसू नकोस.
केमीचा खटला होता, फेब्रुवारीतला.
साक्षीदार एकोणीस वर्षांची.
वकील विचारतो, त्या रात्री भिंतीपलीकडून काय ऐकलंत?
ती बोलते. बोलते हे नक्की,
कारण आधी श्वास आत गेल्याचं ऐकू येतं.
पुढचं सगळं हीटरच्या घरघरीखाली.

साठ केलं. काही नाही.
ऐंशी. एक म, किंवा न.
शंभर केलं, दोन्ही तळव्यांनी हेडफोन दाबून धरले,
डोळे मिटले,
जशी मीच त्या भिंतीला कान लावून उभी.

तेवढ्यात कुणीतरी, मायेनंच,
तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.
मायक्रोफोनच्या अगदी शेजारी.

तो पेला अजून पुरता टेकलेला नाही.
रात्री उशीवर डोकं टेकलं की
तो टेकत राहतो,
बारीक, एकसुरी, पहाटेपर्यंत.

त्या दिवशी कानाला खडा लावला मी.
पण खडा उशिरा लागला.
डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला:
रेघ सरळ, सरळ, मग एकदम घळ.
पेल्याचा दोष थोडाच, म्हणाल्या,
ही घळ रोज थोडी थोडी खणलेली आहे.
आणि मग, सहज: पक्ष्यांचा नाद आहे का तुम्हाला?

हाइलुओतो बेटावर आमची लाकडी खोली आहे,
मागे स्प्रूसची झाडं.
त्यांत हिप्पीआइनेन येतो,
वजन पाच-सहा ग्रॅम, गाणं सुईच्या टोकाएवढं.
बहिणीचा नातू वेर्नेरी एकदम थबकतो,
बोट वर करतो: ऐक, ऐक.
मी झाडाकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघते.
तिथे गाणं चालू आहे हे दिसतं.
संपलं की तेही दिसतं.

आणि ती मुलगी काय म्हणाली?
मला माहीत नाही.
दुसऱ्या दिवशी, आवाज चाळीसवर ठेवून,
मी कंसात टाइप केलं: ऐकू आले नाही.
सव्वीस वर्षांत हे तीन शब्द
मी कमीपणा समजून टाळत आले होते.
न्यायाधीशांनी वाचलं, पुढे गेले.
आभाळ जागच्या जागी होतं.
कदाचित तिलाही ते
त्या खोलीबाहेर जायला नको होतं.

हा लाल ठिपका माझ्या नेलपॉलिशचा,
हेडफोनच्या चकतीवर.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी येईल,
वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होईल,
हात आपोआप चकतीकडे जाईल.
तेव्हा खिडकी लाव, टेप थांबव, उठून फिरून ये,
ठिपका ओलांडू नकोस.

चल. शून्य केलंस?
लाव आता.

कॉफी घेणार?

ओनेर्वा?