क्षयतिथी, डुलूथ

दहाच्या बातम्यांची धून वाजत होती
तेवढ्यात लाइल हाउगेनचा फोन.
"दोन सेकंद उशीर."
बस, एवढंच. कशी आहेस नाही, थंडी काय म्हणते नाही.
निवृत्त होऊन अकरा महिने झाले त्याला,
तरी रोज रात्री मनगट टीव्हीसमोर धरून बसतो,
लेकीच्या सासरी सहज डोकावल्यासारखं करून
सगळं नीट पाहून घेणाऱ्या बापासारखा.

पहिल्या हिवाळ्यात यानेच शिकवलं मला,
कॉफीच्या कागदी कपावर गणित मांडून:
चित्र काळंपांढरं होतं तेव्हा सेकंदाला तीस फ्रेम. चोख.
मग रंग आला.
रंगाला जागा करून द्यायची म्हणून चित्राची चाल
हजारात एकाने मंदावली,
मोजणारा मात्र तीस, तीस, तीस करतच राहिला.
तासाला साडेतीन सेकंदांची थकबाकी, वर थोडी चिल्लर.
फर्निचरवाल्या क्रॅबट्रीच्या जाहिरातीचा
शेवटचा शब्द रोज तुटायचा,
आणि तो शब्द होता "क्रॅबट्री".

म्हणून दर मिनिटाच्या उंबऱ्यावर दोन आकडे गाळायचे,
शून्य आणि एक.
दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत. विसाव्यालाही नाही.
असं मोजताना शेवटच्या जोडीआधी पडद्यावर अर्धविराम येतो.
नवख्यांना तो धुळीचा ठिपका वाटतो.
"फ्रेम जात नाही," लाइलने बजावलं,
"जातो तो नंबर.
पापणी मिटणारा माणूस पुरती पापणी मिटतो."

मी कप धरून गप्प.
हे मी ऐकलं होतं आधी.
कराडला, सहकारी बँकेच्या कॅलेंडरखाली,
सात वर्षांची मी, नवा फ्रॉक, काखेत टोचणारा,
माझी षष्ठी शोधत होते
आणि पंचमीला लागून थेट सप्तमी.
वाढदिवस कुणी खाल्ला माझा?
मालूआत्या भूमितीच्या वह्या तपासत होती.
मान वर न करता म्हणाली,
"क्षय झालाय. सूर्योदय नाही आला तिच्या वाट्याला.
दिवस कुठे गेला नाही गं, आकडा गेला.
शिरा होणारच आहे."

लाइलला सांगितलं सगळं. तीस तिथी,
आणि महिना भरतो साडेएकोणतीस दिवसांतच.
तो कितीतरी वेळ कपाकडे बघत राहिला.
"म्हणजे चंद्रालासुद्धा
पुरते तीस जमत नाहीत."

तर आज, दोन सेकंद.
गच्चीवर गेले. उणे सत्तावीस.
उपग्रहाकडून वेळ घेणाऱ्या अँटेनावर
मुठीएवढा बर्फ, बहुधा परवाच्या वादळापासूनचा.
खालचं घड्याळ दोन दिवस
स्वतःच्याच आठवणीवर चाललं होतं, कुणाला न सांगता.
रबरी हातोडीने ठोकत गेले, बेताने, नारळ सोलल्यासारखं.
समोर तळं पांढरंफटक,
जहाजं मार्चपर्यंत दोरांना,
पुलावर एकटा लाल दिवा.

खाली आले तर दिवा हिरवा.
पण खरी वेळ लगेच लावता येत नाही.
कुणाचं तरी वाक्य मध्ये तुटेल.
चारपर्यंत थांबायचं, सुऱ्या विकणाऱ्या माणसापर्यंत.

चारला बटण दाबलं.
चार वाजून शून्य, आणि पाठोपाठ दोन.
एक आलाच नाही.
माणूस टोमॅटो कापत होता,
चकती पातळच पडली.

फोन वाजला.
"आता बरोबर," लाइल म्हणाला, आणि ठेवला नाही.
पलीकडे फ्रिजची घरघर,
खुर्ची सरकल्याचा आवाज, एकाच खुर्चीचा.
मीही नाही ठेवला.
मग विचारलं,
"लाइल, तुझ्या घरी रवा आहे?"