पान एकशे त्रेचाळीस

कंधारच्या वाचनालयात दुपारी लाइट जाते.
मी रजिस्टरात तारखा टाकते, आणि कोणी येत नाही म्हणून
जग संपल्यावरची एक जुनी कादंबरी वाचते.
भाषांतरकाराचं नाव वाळवीनं नेलंय.

माणसं गेलेली. शहरं तशीच,
ताटात वाळलेला घास, दोरीवर कुणाचा तरी सदरा.
एकच माणूस उरलाय, तो चालतो,
आणि बोलायला कोणी नाही म्हणून
आपल्याच बुटांशी बोलतो.

एकशे त्रेचाळीसाव्या पानावर त्याला हातपंप लागतो.
दांडा मारतो. हवा.
पुन्हा मारतो. हवा.
मग लेखक सात पानं आभाळ लिहितो,
मानवजात लिहितो, शांतता लिहितो,
आणि माणूस पंपाला टेकून मरतो.

समासात पेन्सिल, कागद फाटेल इतकी दाबलेली:
‘आरं येड्या, वायसर गेलंय.
चामड्याचं टाक. बूट हायेत की पायात!
कशाला मरायलास?’

खाली दट्ट्याचं चित्र. बाण काढून नावं.
साखळी, पाइप, वायसरची जागा,
‘रातभर तेलात भिजू घाल’,
आणि कंसात, ‘तेल नसंल तर पाण्यात’,
मग ‘पाण्यात’ खोडलेलं.

मागचं कार्ड काढलं.
शेख मैनोद्दीन शेख चाँद, हातपंप दुरुस्ती, पंचायत समिती.
हेच पुस्तक सहा वेळा. तेरा वर्षांत.
शेवट त्याला पाठ असणार, तरी नेत राहिला.

पेन्सिल दर वेळी थोडी मऊ झालेली.
चौथ्यांदा नुसतं ‘बूट बघ, बूट.’
सहाव्यांदा, अक्षर कापरं:
‘दम धर जरा. पाना घेऊन यायलो.’

त्यानंतर कार्डावर तारीख नाही.

मी उठून मागच्या पंपाशी गेले.
उन्हानं तापलेला दांडा ओढणीत धरून मारला.
हवा.
वायसर असेल.
नाहीतर पाणीच तीनशे फुटांखाली गेलं असेल,
आणि त्याला कुणाचेच बूट पुरायचे नाहीत.
हे समासात लिहावं म्हणून पेन्सिल घेतली,
टोक बघितलं, ठेवून दिली.

रद्दीत काढायच्या यादीत हे पुस्तक अठ्ठाविसावं.
सत्ताविसानंतर मी एकोणतीस लिहिलं.
मग पुस्तक चढवलं शेख मैनोद्दीनच्या नावावर,
सातव्यांदा.
मुदत पंधरा दिवस.