शिकामो

भोईवाड्यात, एका ट्रस्टच्या दुसऱ्या मजल्यावर
शनिवारी दहा ते पाच आमचा वर्ग भरतो.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत खडू झिजवून
मी पुन्हा हजेरीपटावर आले आहे,
शेवटून दुसरी. व्हटकरनंतर फक्त साल्ढाणा.

पहिल्या दिवशी पिवळ्या तापाची लस,
मच्छरदाणी कशी खोचायची, पाणी किती वेळ उकळायचं.
साल्ढाणा बोटीवर इंजिनियर होते, त्यांना सगळं ठाऊक.
मृण्मयी चोवीस वर्षांची, वहीला रंगीत चिकट्या लावते
आणि विचारते, मॅडम, तुम्हाला कशाला हवंय आता हे?
मुलगाही हेच विचारतो, डोंबिवलीहून, फोनवर.
मी म्हणते, गुडघे चालतायत तोवर.
खरं उत्तर मला अजून लिहिता आलेलं नाही;
अर्जात त्या रकान्याला तीनच ओळी होत्या.

शिकवायला नेएमाबाई. म्वांझाच्या, सरोवराकाठच्या.
आमचे पोहे त्यांना आवडतात, मिरच्या बाजूला काढून.
त्या म्हणाल्या, तिथे मुलं उभी राहून म्हणतील, शिकामो.
म्हणजे, पाय धरतो तुमचे.
मला मात्र त्यात आधी ऐकू आलं ते शिका.
आज्ञार्थ. आदरार्थी बहुवचन.

मग शब्द सापडत गेले, ट्रंकेच्या तळाशी
जुन्या पावत्या सापडाव्यात तसे:
गणिताला हेसाबू, पुस्तकाला किताबू,
आंब्याला एम्बे, विम्याला बीमा.
कुणी नेले असतील, कुणी आणले असतील
गलबतात, गोणींना टेकून.
मी खूश. म्हटलं, निम्मी भाषा तर घरचीच निघाली.

तिसऱ्या शनिवारी नेएमाबाईंनी दार लावून घेतलं.
एक तास इंग्रजीही नाही, खुणाही नाहीत,
फक्त त्यांची भाषा. विषय अपूर्णांक.
अपूर्णांक!
मी पोरांना भाकरी कापून शिकवलेले.
फळ्यावर तीन छेद चार, आणि त्या मला काही विचारतायत.
मी उभी.
उत्तर माहीत आहे. प्रश्न माहीत नाही.
मृण्मयी हसली, मुद्दाम नव्हे.
नेएमाबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने
(मोठ्याने म्हटलं की कळतं, असं वाटतं आपल्याला)

आणि राजमल्लू चिलका आठवला.
वरळीची शाळा, तिसरी ब, एकोणीसशे पंच्याण्णव.
बाप शिवणकामाला, घरात तेलुगू.
सात अधिक पाच विचारलं की तो बोटं उघडायचा, मिटायचा,
ओठांत पुटपुटायचा, ओकटि, रेंडु, मूडु...
मी डस्टर आपटायचे. मराठीत सांग. मोठ्याने.
प्रगतिपुस्तकावर माझ्याच सुवाच्य अक्षरात:
बोलत नाही. मंद. पालकांनी लक्ष द्यावे.
पालकांना वाचता येत नव्हतं, हेही मला माहीत होतं.
चौथीत तो आला नाही.
मी नाव कमी केलं, लाल शाईने,
पट्टी धरून, सरळ.

दुपारी माझा पाठ. वीस मिनिटं.
बाकीचे सगळे मुलं झाले; साल्ढाणांनी तर
केस पाण्याने चपटे बसवले होते.
एकाला तिथे म्हणतात मोजा.
मी फळ्यावर एक काढला, म्हटलं, मोजा,
आणि दोनाचा शब्द पाठ असून पुढे गेले नाही.
हात केला वर्गाकडे: तुमचं तुमचं म्हणा.

मागून कुरियन उठला, बँकेतला, अबोल.
ओन्नु, म्हणाला. रंडु.

खडू हातातच राहिला.
नेएमाबाईंनी वहीत काहीतरी टिपलं,
बहुधा, गती मंद.
कुरियन थांबून माझ्याकडे बघत होता.
पुढे, मी म्हटलं, मराठीतच. थांबू नकोस.

तो बारापर्यंत गेला.
मी बोटं उघडत होते, मिटत होते.