सर्वांसाठी खुलं

कार्द्लामध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
लेइदाच्या स्वयंपाकघरात त्याच्याही आधी कॉम्प्युटर.
बटण दाबायचं, बटाटे सोलायचे,
सोललेले उकडायला टाकायचे,
ते शिजत आले की तो म्हणणार: स्वागत आहे.

"म्हातारा झालाय," ती म्हणाली, "माझ्यासारखा.
हेल्डुर म्हणतो नवा घ्या.
हेल्डुर म्हणजे जावई. त्याला सगळंच नवं लागतं."

मी सायकलवरून आलो होतो, मोजे ओलेचिंब.
तिने ते शेगडीवरच्या दांडीवर टाकले
आणि मला एंडेलचे दिले.
एंडेलला जाऊन दोन वर्षं झाली होती.
राखाडी लोकर, टाचेशी लाल दोऱ्याने रफू.

पंखा घरघरत होता.
मी आधी व्हायरस शोधला. नव्हता.
डिस्क तपासली. धडधाकट.
मेमरी बेताची, पण इतकीही नाही.
काखेत कळसा, आणि मी अर्धा तास गावभर.
मग यादीतली सगळ्यात वरची ओळ वाचली:
प्रोसेसरचे शंभरातले ब्याण्णव हिस्से
एकटी एक सेवा खात होती.
मीडिया शेअरिंग.

काय वाटतेय ही, आणि कोणाला?

सेटिंग उघडलं तर प्रत्येक चौकोनात खूण.
चित्रं, संगीत, व्हिडिओ, अख्खा डी ड्राइव्ह,
घरातल्या नेटवर्कवरची सगळी उपकरणं,
आहेत ती, आणि पुढे येतील तीही.
"त्याचंच काम," ती म्हणाली,
"बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर ऐकायचा."
"टीव्ही कुठाय?"
"हेल्डुरने नेला. तो मात्र जुना चालला."

डी ड्राइव्हवर एकेचाळीस हजार फायली.
एंडेल फेरीबोटीच्या इंजिनावर कामाला,
सुटी मिळाली की माइक घेऊन खाडीवर.
नावं त्याने स्वतः दिलेली:
क्रौंच, कास्सारी, पहाटे ४.१०, वारा नैर्ऋत्य
बर्फ तडकतोय, बंदर, मध्येच कोणीतरी खोकलं
क्रौंच, पुन्हा तेच, आता रागावलेले

सतरा हजार दोनशे सहावी फाइल अर्धवट होती,
धुक्यातल्या भोंग्याची.
तिथवर आली की सेवा कोसळायची,
थोड्या वेळाने उठायची,
आणि परत पहिल्या क्रौंचापासून मोजायला लागायची.
दोन वर्षं. रात्रंदिवस.
नसलेल्या टीव्हीसाठी.

मी खुणा काढल्या. सेवा थांबवली.
बिघडलेली सूची पुसली.
फायलींना हात लावला नाही,
हे तिला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा दाखवलं.
दाखवताना बोट खाली घसरलं
आणि पडद्यावर आलं:

लेइदा झोपेत
लेइदा झोपेत, दुसऱ्यांदा

मी माउस बाजूला नेला. तिने वाचलं होतं.
"लाव."
मी म्हटलं, तुम्ही एकट्या असताना...
"लाव रे."

घोरणं.
मोठं, मोकळं, मध्ये शिट्टी असलेलं.
पंख्याची घरघर त्यापुढे काहीच नव्हती.
मी एंडेलच्या मोज्यांकडे बघत बसलो.
शेवटी त्याचा आवाज, अगदी दबका,
पक्ष्यांच्या वेळी असायचा तसा:
"दोन वीस. वारा नाही. अंतर एक हात."

"त्रेचाळीस वर्षं विचारलं मी त्याला,
मी घोरते का रे?
त्रेचाळीस वर्षं नाही म्हणाला."
तिने चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला, उलटा, मग सुलटा.
"ही कुठे जाणार नाही ना?
हेल्डुरच्या टीव्हीवर वगैरे?"
नाही म्हटलं. आता काहीच कुठे जात नाही.
"ठीक," ती म्हणाली,
पण ठीक झाल्यासारखं तिचं तोंड दिसेना.

मोजे अजून ओलेच होते.
"एकदा बंद करून चालू कर," ती म्हणाली, "बघू दे मला."
तिने सवयीने बटाटा हातात घेतला, सुरी लावली,
एक साल निघालं, लांब, न तुटलेलं,
आणि त्याच्या टोकाशी पोचायच्या आत
पडदा उजळला.

ती साल हातात धरून उभी राहिली.
"मग आता," ती म्हणाली,
"जेवण कधी करायचं मी?"