झाकणं

मातोझिन्योशचा सार्डिनचा कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली,
भिंतींनी वास अजून सोडलेला नाही.
तिथेच बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन:
कुणाच्या होड्या, कुणाची लिंबं,
झुल्मिराचा भरतकामातला समुद्र, जरा जास्तच निळा.

देओलिंदाने मात्र डब्यांची झाकणं ठोकलीत भिंतीवर,
एकेका झाकणावर एकेक कान.
फक्त कान.
"पट्ट्यापाशी उभं राहून दुसरं दिसायचंच काय?
मान वळवली की मुकादम ओरडायचा."
तीस वर्षं ती बघत राहिली.
या कानाचं त्या कानाला कळलं नाही.

आता म्हाताऱ्या चष्मे पुसत आपापला कान शोधतात.
कुस्तोदियाला सापडला,
यंत्रात डूल अडकून फाटलेल्या पाळीवरून;
इतकी हसली की खुर्ची मागवावी लागली.
कुणी मेलेल्या बहिणीच्या कानाशी वाकून
हळूच काही बोललं.

शेवटचं झाकण कोरं.
"हे कुणाचं?"
"माझं. मला कुठे दिसला कधी?"

एउलालिया, पट्ट्यावर तिच्या डाव्या हाताला असायची,
पर्समधून भुवयांची पेन्सिल काढते.
"समोर बघ," म्हणते. "हलू नकोस.
मुकादम येतोय."