पुंगळी अडकते

सोरेगावच्या बटावर सकाळी नऊलाच एप्रिल अंगावर आलेला.
हत्तरकीनं पहिली गोळी मारली, बरी मारली,
दुसरीला रायफल मुकी.
पुंगळी दातात धरून बसलेली,
अर्धी आत, अर्धी बाहेर.

हातानं ओढ, झटक, पुन्हा ताण.
पाच गोळ्यांना पाच वेळा.
साहेब म्हणाले, खांदा ढिला सोडतंय, घाबरतंय पोरगं.
तीन दिवस जादा पहारा.
हत्तरकी काही बोलला नाही.
पुंगळ्या मोजून दिल्या, पाच,
आणि बूट झाडत रांगेत गेला.

मग ती माझ्या टेबलावर आली.
जुनी एसएलआर, नंबराच्या शेवटी चारशे सतरा,
दस्त्यावर कुणीतरी कधीकाळी खिळ्यानं कोरलेला 'ल'.
लता असेल, लक्ष्मी असेल, लातूर असेल.
मी ती खाली असल्याची खात्री केली. दोनदा.
तेवीस वर्षांत नुसती एकदा कधीच केली नाही.

मॅगझिनचे ओठ सरळ.
एक्स्ट्रॅक्टरची नखी अंगठ्याला टोचली, म्हणजे शाबूत.
स्प्रिंग दुसरीशेजारी उभी करून पाहिली, बहिणी-बहिणी.
चेंबरमध्ये बॅटरी मारली,
आत आरसा.

माझा बाप मिलमध्ये जॉबर.
माग अडला की पाना उचलायच्या आधी
बिडी विझवून नुसता उभा राहायचा.
'मुंदु चूडु,' म्हणायचा. आधी बघ.
लोक म्हणायचे, येमूल मागाला नमस्कार करतोय.

मीही पाना खाली ठेवला.

ही आपली आपण भरून घेणारी रायफल.
गोळी नळीतून जाता जाता
वाटेतल्या एका भोकातून चिमूटभर धूर मागं ठेवते.
तेवढ्या चिमटीवर दट्ट्या मागं सरतो,
पुंगळी फेकली जाते, पुढची गोळी वर चढते.
चिमूट कमी पडली
की सगळं अर्ध्यात.

भोकात पितळी तार घातली.
आधी काजळी आली, मग काजळीत गुंडाळलेलं काहीतरी.
रॉकेलच्या वाटीत बुडवलं, बोटावर घेतलं.
धागा.
जळका, इंचभर, एका टोकाला अजून गुलाबी.

गुलाबी.

सरकारी फ्लालीन दिवाळीपासून आलेलं नाही.
अशोक चौकातून मीच आणली होती टॉवेलची चिंधी,
रिजेक्ट माल, किलोवर, गुलाबी पट्ट्याचा,
आणि मीच वाटली होती परेडनंतर,
'घासा रे, सोलापूरचा कापूस आहे' असं म्हणून.

कोताच्या रजिस्टरात 'बिघाड' खाली लिहिलं: गॅसचं भोक तुंबलेलं.
'कारण' खाली 'काजळी' लिहिलं.
बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसलो.
मग पुढं लिहिलं: व धागा. चिंधी आर्मोररने दिलेली.
सही करताना हात नेहमीपेक्षा सावकाश चालला.

संध्याकाळी गेटावर गेलो.
हत्तरकी दुसऱ्या दिवसाचा पहारा देत होता.
सांगितलं सगळं.
तो म्हणाला, 'मला वाटलंच की ओ, मी घाबरलो नव्हतो.'
मग थोडं थांबून,
'म्हंजे, पहिल्या गोळीला घाबरलो होतो. नंतर राग आलता.'
तिसरा दिवस रद्द होईल का, ते त्यानं विचारलं नाही,
मला माहीत नव्हतं.

शनिवारी पुन्हा बटावर.
पाच गोळ्या, एका दमात.
पुंगळ्या उजवीकडं अशा उडाल्या
जशी इतके दिवस कुणी दारच उघडलं नव्हतं.
मोजल्या. चार.
पुन्हा मोजल्या. चार.

अकरा वाजेपर्यंत आम्ही सगळे,
साहेबसुद्धा,
वाळक्या कुसळात ओणवे,
चटके खात, एक पितळी पुंगळी शोधत होतो
आणि हत्तरकी, गुडघ्यावर, माझ्या शेजारी,
आवाज न करता हसत होता.